पायरीखालचा समुद्र

आनंदीबाईंनी त्या परदेशी फाशांना हळदकुंकू वाहिलं आणि खेळाचं पुढचं सगळं तिथेच ठरून गेलं.

झालं होतं असं. आनंदीबाईंचा थोरला मुलगा हरिश्चंद्र बोटीवर खलाशी. सुट्टीवर येताना कुठल्या तरी बंदरातून काहीबाही उचलून आणायची त्याला खोड. कधी भिंतीवरचं घड्याळ, कधी घरात कुणालाच न होणारा कोट. त्र्याऐंशी सालच्या सुट्टीत त्याने एक खोका आणला. झाकणावर शिडाचं जहाज आणि त्याच्यावर झेपावणारा पंखवाला राक्षस. हरिश्चंद्रला वाटलं, सापशिडीचाच कुणी भाऊबंद असेल, घरातली माणसं खेळतील. खोक्यात निघालं एक पातळ इंग्रजी पुस्तक आणि मूठभर रंगीत फासे. ते तरी चौकोनी असतील तर शपथ! एकाला तर इतके पैलू की तो जवळजवळ गोलच दिसायचा, आणि उन्हात धरला की आरपार लाल.

धाकटा आत्माराम तेव्हा विहिरीवर आंघोळीला गेला होता. तो डोकं पुसत घरात येईपर्यंत फासे देवघरात बाळकृष्णाशेजारी बसले होते.

"आये, ते खेळायचे हायत गो!"

"येवडा समुद्र वलांडून आलेत. तेज बघ कसं हाय त्यांचं. पुजलेली वस्तू आता जुगाराला द्येऊ?"

आत्मारामने गयावया केली, रुसून बसला, एक जेवण टाकलं. आनंदीबाई बधल्या नाहीत. रत्नागिरीच्या मांडवीतल्या त्या घरात देवघरात गेलेली वस्तू परत बाहेर आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. शेवटी त्याने माळ्यावरून सारीपाटाच्या जुन्या कवड्या काढल्या.

आता हा खेळ काय आहे हे कळायलाच दिवाळी उजाडली. आत्माराम एका वकिलाकडे टायपिस्ट होता. इंग्रजीशी त्याची रोजची उठबस, पण ती करारनाम्यांपुरती. मांडीवर डिक्शनरी घेऊन त्याने पुस्तक संपवलं तेव्हा त्याला कळलं की यात पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही आणि कुणी हरतही नाही. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. एकाने मात्र सोंग घ्यायचं नाही. त्याने सगळा मुलूख डोक्यात ठेवायचा आणि समोर काय दिसतंय ते सांगायचं. बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे दान ठरवणार.

"म्हंजे तोंड न रंगवता घातलेलं नमनच की," शिवा म्हणाला. शिवा जेटीवर बर्फ विकायचा आणि शिमग्यात नमनात, म्हणजे कोकणातल्या सोंगांच्या खेळात, नाचायचा, त्यामुळे त्याला सगळ्यांच्या आधी उमगलं.

अडलं एकाच ठिकाणी. मुलूख सांभाळणाऱ्यासाठी दुसरं जाड पुस्तक असतं आणि ते इतरांनी वाचायचं नसतं, असं या पुस्तकात बजावलं होतं. ते कुठे मिळेल याचा पत्ताही दिला होता. रत्नागिरीत मिळणार नाही हे छापायची गरज नव्हती. त्यातून मुलूख सांभाळायला कुणी तयार होईना. आत्मारामला तलवार हवी होती. शिवालाही हवी होती. शेजारची तुळसा शिवणकाम करायची आणि दोरा संपला, सुई मोडली असं काहीतरी निमित्त काढून दिवसभर याच घरात असायची. ती म्हणाली, मी मांत्रिकीण. उरली मथुरा.

"वयनी, तुमी सांबाळा मुलूक," आत्माराम म्हणाला. "काय करायचं नाय. नुसतं बसायचं आन इचारलं की सांगायचं."

मथुरा हरिश्चंद्रची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण त्यातला नवऱ्याबरोबरचा काळ सगळा गोळा केला तर एखादं वर्ष भरला असता. ती "बरं" म्हणाली. त्या घरात तिला जे जे सांगितलं जायचं त्याला ती बहुतेक वेळा बरंच म्हणायची.

पण रविवारी दुपारी सगळे जमले तेव्हा ती नुसती बसली नाही. घरापुढचं खळं, म्हणजे चोपून सारवलेलं अंगण, तिने झाडून घेतलं आणि रांगोळीची वाटी घेऊन खाली वाकली. ती एक खाडी काढायला लागली. खाडीला फाटे फुटले, फाट्यांवर गावं आली, गावांच्या पाठीमागे कातळ आला. शिवा हातातली विडी पेटवायची विसरला.

मथुराचं माहेर दाभोळ. तिचा बाप तरीवर होता, खाडीच्या या काठची माणसं त्या काठाला पोचवण्यात त्याची हयात गेली. लहानपणी ती तरीच्या टोकाला गप्प बसून उतारूंचं बोलणं ऐकायची. कोण कुणावर रुसून निघालंय, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, कुठल्या देवाला काय चालत नाही. ते सगळं तिच्या पोटात इतकी वर्षं पडून होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

तिच्या मुलखात आडबंदर नावाचं बंदर होतं. तिथला राजा कधीच मेला होता, पण लोकांनी ते अजून मान्य केलं नव्हतं, रोज त्याचं ताट वाढून ठेवायचे आणि रोज त्यावरून भांडायचे. खाडीच्या वरच्या अंगाला दर पावसाळ्यात बुडणारं बाजाराचं गाव होतं. तिथे व्यापारी माडीच्या खिडकीला होडी बांधून झोपायचे. कातळावरच्या एका गावात पाणी हवं असेल तर विहिरीत वाकून आपलं एक गुपित सांगावं लागे. आणि एक देवराई होती, तिच्या राखणदाराला नारळ नको असायचा, त्याला गोष्ट लागायची, आणि ती आधी ऐकलेली असली तर तो वाट अडवायचा.

आत्मारामने पहिल्याच हिवाळ्यात एक राक्षसीण मारली. मोठ्या तोऱ्यात मारली. पुढच्या रविवारी मथुराने सांगितलं, गावाच्या वेशीवर एक म्हातारी राक्षसीण बसली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते आहे, माझी मुलगी पाहिलीत का?

"राक्षशिणीला आय कशाला आता?" आत्माराम वैतागला.

"तुमाला हाय. मंग तिला का नको?"

त्यानंतर तो तलवार जरा जपूनच काढू लागला.

सोमवारी सकाळी खळं सारवलं की मुलूख पुसला जायचा. रविवारी मथुरा तो पुन्हा काढायची, डोक्यातून, आणि गेल्या वेळी जाळलेलं घर या वेळी जळकंच यायचं. खेळ दिवाळीनंतर खळं तयार झालं की सुरू व्हायचा आणि पाऊस आला की बंद. जमलेली माणसं मध्येच थांबायची, तिच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "वयनी, आता पुढं काय?" स्वयंपाकघर सासूचं होतं, बाजारहाट दिराचा होता, नवरा समुद्राचा होता. घरात आपलं म्हणावं असं तिला एवढंच होतं, की रविवारी दुपारी कुणीतरी तिला पुढचं विचारतं. दुसरं काही गेलं असतं तरी तिने बरं म्हटलं असतं.

एकच जागा तिने कधी काढली नाही. खाडीचं मुख खळ्याच्या कडेला, उतरत्या दोन पायऱ्यांतल्या वरच्या पायरीपाशी येऊन संपायचं. पायरीखाली समुद्र. होड्या तिथून खाली जायच्या, हंगाम सरला की परत यायच्या. शिवाने एकदा हट्टच धरला, मला त्यांच्यामागून जायचंय म्हणून.

"तिकडचं मला ठाव नाय," मथुरा म्हणाली.

"मंग बनवा की. बाकीचं नाय बनवलंत?"

"बाकीचं मी ऐकलंय. ते कुणी सांगितलंच नाय." हरिश्चंद्रला सुट्टीत कुणी बोटीबद्दल विचारलं तर तो म्हणायचा, काय सांगायचं, पाणीच पाणी. शिवाने आपली होडी, म्हणजे कालवणातल्या तिसऱ्याची एक रिकामी शिंपली, पायरीच्या कडेला बांधून ठेवली आणि तो विषय तिथे राहिला.

मधल्या सुट्ट्या हरिश्चंद्रला नेमक्या पावसाळ्यात मिळाल्या. खळ्यात तेव्हा चिखल, त्यामुळे त्याने हा खेळ डोळ्यांनी कधी पाहिलाच नाही. शहाऐंशी साली मात्र तो दिवाळी आटोपताच आला, आणि बॅगेतून त्याने एक जाड पुस्तक काढलं.

बोटीवरून आणलेलं सगळं आधी आईपुढे ठेवायचं आणि आईने ज्याचं त्याला वाटायचं, ही त्या घरची रीत. नवऱ्याने बायकोच्या हातात परस्पर काही द्यायचं नसतं. हरिश्चंद्रने चहाचे डबे, साबणाच्या वड्या, साडी, पुस्तक असं सगळं चटईवर मांडलं. आनंदीबाईंनी साडी मथुराला दिली आणि पुस्तक वरखाली करून बघितलं. "ह्ये काय, आत्माचं," असं म्हणून त्यांनी ते धाकट्याकडे सारलं. हरिश्चंद्रने तोंड उघडलं आणि मिटलं. ते मथुराने पाहिलं, पण त्याचा अर्थ तिला लागला नाही.

आत्मारामला आभाळ ठेंगणं झालं. ते दुसरं पुस्तक होतं! मुलूख सांभाळणाऱ्याचं. आठवडाभर वकिलाच्या कागदांत चुका पडल्या असतील तर नवल नाही. शनिवारी त्याने जाहीर केलं, "आपण सगळं चुकीचं खेळत व्हतो. किती चुकीचं ते इचारू नका."

त्याचा स्वभाव वाईट नव्हता. त्याला नियम आवडायचे, एवढंच. आणि त्याचं म्हणणं सरळ होतं. पुस्तक इंग्रजी आहे, वहिनींना इंग्रजी येत नाही, तेव्हा यापुढे मुलूख तो सांभाळणार. पुस्तकात तयार मुलूखही होता, नकाशासकट. "वयनी, तुमी इतकी वर्सं डोकं शिणवलंत. आता तुमी आरामात खेळा. तुमी वैदू व्हा, जखमा बऱ्या करायच्या."

"बरं," मथुरा म्हणाली.

रविवारी खेळ खळ्यातून उठून ओटीवर टेबलाशी आला. फासे देवघरातून मिळणार नव्हतेच, म्हणून आत्मारामने बिस्किटाच्या डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या. हरिश्चंद्रही कौतुकाने बसला. मुलखात बर्फ पडत होतं. दगडी सराय होती, शेकोटी होती, डोंगरात एक किल्ला होता. आणि खरं सांगायचं तर मजा आली. तुळसाने कातड्याचे अंगरखे कसे शिवलेले असतील ते विचारून घेतलं आणि खरंच अंगावर शहारा आणला. मशाल किती वेळ टिकते, पाठीवर किती ओझं घेऊन माणूस पळू शकतो, हे त्या पुस्तकाला माहीत होतं. मथुराला वाटलं, हे आपल्या कसं ध्यानात आलं नाही? पुस्तक टाकाऊ असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण ते चांगलं होतं.

"माजी होडी बांदलेली हाय रे तितं, पायरीपाशी," शिवा मध्येच म्हणाला. "तिचं काय?"

"ती खाडी ह्यात नाय," आत्मारामने पान उलटलं. "सोड आता ती."

मथुरा चहा ठेवायला आत गेली. त्या दुपारी तिने दोघांच्या जखमा बऱ्या केल्या, आणि पुढचं काय हे तिला कुणी विचारलं नाही. चुलीपुढे तिला रडू आलं. एका खेळासाठी रडतोय याची तिला लाज वाटली, आणि तरीही ते थांबेना.

दोन दिवसांनी सकाळी हरिश्चंद्र बंदरावरून फिरून आला तर बायको खळ्यात वाकलेली. दारापुढे चार ठिपके काढायला म्हणून ती बसली होती आणि हात सवयीने खाडीकडे वळला होता.

"ह्येच काय ते?" त्याने विचारलं.

ती दचकली, पुसायला लागली. त्याने हात धरला. मग तो उकिडवा बसला आणि एकेक बोट दाखवून विचारत गेला. हे काय, ते काय. ती आधी तुटक बोलली, मग बोलतच सुटली. राजाचं ताट, खिडकीतल्या होड्या, विहिरीतली गुपितं. म्हातारी राक्षसीण अजून वेशीवर बसली आहे, तिची मुलगी कुठे गेली हे सांगायचं धैर्य आत्मारामला अजून झालेलं नाही. हरिश्चंद्र हसला नाही.

"पुस्तक मी तुज्यासाटी आणलं व्हतं," तो म्हणाला.

"माज्यासाटी? इंग्रजी?"

"मला तरी कुटं येतं! आत्माच्या पत्रांत असायचं, वयनी मुलूक सांबाळतायत. दर बंदरात इचारत फिरलो. शेवटी एका दुकानात तसल्याच खोक्याचं झाकण दाखवलं. म्हटलं, मुलूक सांबाळणाऱ्याचं पुस्तक द्या. कुणाला म्हणून इचारलान. मी म्हटलं, बायकोला. तर तो उटून उभा ऱ्हायला आन माज्याशी हात मिळवलान."

"मंग तवा बोललात का नाय?"

"आयपुडं?" तो म्हणाला, आणि दोघांनाही ते पटलं.

थोड्या वेळाने त्याने पायरीकडे बोट केलं. "आन हितनं पुढं?"

"पुढचं मला कुटनं ठाव असणार? तुमी कदी सांगितलंत?" हे तिच्या तोंडून निसटलं तेव्हा तिलाही कळलं नव्हतं की इतकी वर्षं ती यावर रागावलेली आहे.

हरिश्चंद्रने एकदा पायरीकडे बघितलं. मग उठून आत गेला.

रविवारी आत्माराम ओटीवर टेबल मांडत होता. हरिश्चंद्र सरळ खळ्यात जाऊन मांडी घालून बसला.

"आत्मा, माजी सुट्टी सरत आली. मला एकदा खाडीत खेळू दे."

"पण दादा, ती नियमात..."

"तुज्या बर्फात मी आयुष्यभर खेळतोच हाय. ते मला नवं नाय."

आत्मारामचं तोंड उतरलं, पण थोरल्या भावापुढे बोलायची पद्धत नव्हती. तो पुस्तक मांडीवर घेऊन पायरीच्या बाजूला बसला, तुळसा आली, शिवा तर उडी मारूनच आला. मथुराने रांगोळी घेतली. पहिली रेघ जाड पडली. पण आडबंदर जागेवर आलं, बाजाराचं गाव आलं, वेशीवरची म्हातारी आली.

हरिश्चंद्रने तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, सोंग घेतलं. शिवाने त्याला आपली शिंपली उसनी दिली. तांडेल खाडीतून निघाला, राखणदाराला एक गोष्ट देऊन सुटला, आणि सरळ मुखाकडे आला. शिंपली पायरीच्या कडेला टेकली.

"आता पुढं काय?" हरिश्चंद्रने विचारलं.

मथुराने त्याच्याकडे पाहिलं. "पुढचा मुलूक माजा नाय," ती म्हणाली. "तितं काय दिसतं ते तुमी सांगायचं."

आत्माराम पुस्तक उघडणार होता, तो थांबला. हरिश्चंद्रने शिंपली उचलून पायरीखाली मातीत ठेवली. पाणीच पाणी, म्हणाला. मग म्हणाला, त्या पाण्यात एक बोट आहे, तिच्यावर एक माणूस सबंध दिवस गंज खरवडतो आणि रंग लावतो, आणि या टोकाला रंग लावून होईतो त्या टोकाला गंज चढलेला असतो. त्याच्याबरोबर दापोलीकडचा एकजण होता. तो तापाने गेला. त्याला पाण्यात सोडलं, कारण जमीन लांब होती, आणि त्याच्या ट्रंकेत मुलीसाठी घेतलेले बूट होते, ते आता लहान झाले असतील म्हणून कुणी पाठवले नाहीत. हरिश्चंद्र हे सगळं तांडेलाने पाहिलं म्हणून सांगत होता. खेळातच सांगत होता. आनंदीबाई तांदूळ निवडता निवडता दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"एकदा ती बोट ह्याच किनाऱ्यानं चालली व्हती," तो म्हणाला. "थांबायचं नव्हतं, खाली केरळाकडं जायचं व्हतं. काळोखात दिवा दिसला. किल्ल्यावरचा, आपला. मी कठड्याला धरून उभा ऱ्हायलो. दिवा फिरायचा, माज्या तोंडावर यायचा, जायचा. हितं कुणाला ठाव पण नाय की मी समोरनं चाललोय. मंग तो मागं ऱ्हायला."

तांडेल म्हणायचं सोडून तो मी म्हणायला लागला होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. बाकी सगळ्यांच्या आलं.

"आता त्याला बंदरात यायचंय," हरिश्चंद्र म्हणाला. "पुढं काय?"

बंदरात शिरायचं तर मुखाशी वाळूचा दांडा होता, आणि दांडा ओलांडायला दान लागायचं. हे तीन वर्षं सगळ्यांना लागू होतं. मथुराने कवड्या त्याच्या ओंजळीत दिल्या. निम्म्याहून जास्त उताण्या पडल्या तर आत.

त्याने टाकल्या. एक सोडून सगळ्या पालथ्या.

"परत टाक की रे," दारातून आनंदीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ज्या बाईने फासे देवघरातून हलू दिले नाहीत, ती म्हणत होती परत टाक.

"वयनी," आत्माराम हळूच म्हणाला. त्याने पुस्तक उघडलं होतं, पण या वेळी पानावर बोट ठेवून ते तिच्याकडे फिरवलं होतं. "ह्यात एक हाय. मुलूक सांबाळणाऱ्याला वाटलं तर पडलेलं दान बाजूला ठेवता येतं. शेवटचा शब्द त्याचा. म्हंजे तुमचा." शेवटचे दोन शब्द पुस्तकात नव्हते, ते त्याचे होते.

मथुराला त्या क्षणी त्याला आत घ्यायचं होतं. जगात दुसरं काहीच नको होतं. नुसतं या म्हणायचं, आणि शिंपली पायरीवरून वर उचलायची. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि नवराही बघत होता, असा, की जणू ती काय म्हणेल त्यावर खरोखरच काही ठरणार आहे. आणि म्हणूनच तिला खोटं बोलता येईना. शिवाची होडी दोनदा बुडाली होती, तुळसाच्या मांत्रिकिणीचा हात गेला होता, तेव्हा तिने दान फिरवलं नव्हतं. आणि सोमवारच्या गाडीने तो जाणार होता, हेही खोटं नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "आज ओहोटी हाय. दांड्याबाहेर नांगर टाका. भरती आली की मी सांगीन."

हरिश्चंद्रने डोळे पुसले आणि हसला. "टाकला नांगर," तो म्हणाला. त्याने शिंपली मातीतून उचलली आणि खालच्या पायरीवर, कडेला, नीट ठेवली.

सोमवारी तो गेला. मथुराने खळं सारवलं, मुलूख पुसला, पण खालच्या पायरीला तिने हात लावला नाही. ती शिंपली तिथेच राहिली. येणारेजाणारे तिला चुकवून पाय टाकू लागले. पोस्टमन एकदा ती लाथाडणार होता, तर आनंदीबाई त्याच्या अंगावर अशा ओरडल्या की तो दोन दिवस फाटकातूनच हाक मारत होता. आनंदीबाई ती देवघरात नेतील अशी आत्मारामला धास्ती होती. त्यांनी नेली नाही.

संध्याकाळी मथुरा भाजी निवडायला बसली की आत्माराम समोर बसून तिला पुस्तक मराठीत वाचून दाखवायचा. ती मध्येच थांबवायची, म्हणायची हे घ्या, हे नको. मशालींचं घेतलं. ओझ्याचं घेतलं. बर्फाचा डोंगरही घेतला, घाटाच्या पलीकडे, तुळसाच्या हट्टाखातर. आत्मारामने पुन्हा तलवार घेतली, आणि एका रविवारी वेशीवरच्या म्हातारीपाशी जाऊन बसला. त्याने तिला मुलीचं खरं सांगितलं.

"आता पुढं काय, वयनी?" तो म्हणाला.

मथुराने आधी पायरीकडे बघितलं. पाऊस तोंडावर आला होता, हा शेवटचाच रविवार, आणि शिंपलीत सकाळी शिंतडून गेलेल्या सरीचं थेंबभर पाणी साठलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "आदी भरती किती आली ते बगू."